नऊ पिनांचा प्रिंटर आणि पानाची भाषा

बँकेत पासबुकावर नोंदी करून घेताना होणारा कर्र-कर्र आवाज आपल्या परिचयाचा आहे. एकदा ते पासबुक घरी आणून साध्या भिंगाखाली धरून पाहा. दुरून सलग वाटणारी अक्षरे म्हणजे शाईच्या बारीक ठिपक्यांच्या रांगा आहेत, असे दिसेल. आता त्याच भिंगाखाली पाठ्यपुस्तकाचे पान धरा. तेथे 'व'चा गोल खरोखरच गोल दिसेल, कडा सलग दिसतील. पहिले काम एका लहानशा यंत्राचे, दुसऱ्यामागे अख्खा छापखाना. या दोन पानांमधले अंतर कमी कसे झाले, आणि तेही प्रिंटर न बदलता, त्याची ही हकिगत आहे.

आधी या कर्र-कर्र करणाऱ्या यंत्राची ओळख करून घेऊ. जपानच्या एप्सन कंपनीने १९८० मध्ये आणलेला एमएक्स-८० हा या जातीतला फार गाजलेला प्रिंटर. याच्या सरकत्या डोक्यात नऊ पिना एकाखाली एक बसवलेल्या असतात. लगतच्या दोन पिनांमध्ये अंतर १/७२ इंच. डोके कागदावरून आडवे सरकत जाते, आणि हव्या त्या पिना हव्या त्या क्षणी शाईच्या फितीवर आपटून कागदावर ठिपका उमटवतात. संगणकाने ६५ हा क्रमांक पाठवला की प्रिंटर रोमन लिपीतले मोठे 'ए' काढतो. 'ए' दिसते कसे, कोणत्या पिना कधी आपटायच्या, हे संगणकाने सांगावे लागत नाही. ते प्रिंटरच्या आतील चिपमध्ये कायमचे कोरलेले असते.

सोय चांगली, पण तिची किंमतही आहे. प्रिंटरला जेवढी अक्षरे येतात तेवढीच छापता येतात. लांब रेघेचे वर्गमूळ नाही, संकलनाचे उंच चिन्ह नाही, देवनागरी तर नाहीच. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसाठी सायक्लोस्टाईलच्या स्टेन्सिलवर मजकूर टंकून, सूत्रांची जागा मोकळी ठेवून, मग टोकदार लेखणीने ती हाताने खरडण्याचे काम ज्या शिक्षकांनी केले आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

मात्र या प्रिंटरला आणखी एक गोष्ट येत होती. संगणकाने 'आता मी सांगतो त्या पिना आपट' असे सांगितले, तर तो मुकाट्याने तेवढेच करी. अशा वेळी त्याच्या लेखी कागदावर अक्षर, आकृती, छायाचित्र असे काही नसते, फक्त ठिपके असतात. संपूर्ण पान ठिपक्यांच्या नकाशाच्या रूपात हाती आले, तर हा प्रिंटर काहीही छापू शकतो. प्रश्न एवढाच, की तो नकाशा तयार कोणी करायचा?

या प्रश्नाचे पहिले उत्तर श्रीमंतांच्या घरी सापडले. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर किरणाने छपाई करण्याची कल्पना पुढे नेली. १९७१ मध्ये ते कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात आले आणि तेथे लेझर प्रिंटर आकाराला आला. लेझर प्रिंटरही ठिपकेच काढतो, पण फार बारीक. इंचाला ३०० ठिपके धरले, तर ए-४ आकाराच्या पानावर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे ८६,९९,८४० जागा येतात. प्रत्येक जागा काळी की पांढरी, एवढेच लक्षात ठेवायचे म्हटले तरी दहा लाख बाइट्सहून अधिक मेमरी लागते. १९८० च्या आसपास ही चैन होती. शिवाय सत्त्याऐंशी लाख जागांपैकी कोणत्या काळ्या, हे ठरवायलाही कोणीतरी हवे.

त्याच केंद्रात जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की हे दोघे पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेवर काम करत होते. 'इंटरप्रेस' नावाची अशी एक भाषा त्यांनी तयारही केली. ती बाजारात आणण्याबाबत झेरॉक्सची चालढकल पाहून कंटाळलेल्या या दोघांनी १९८२ मध्ये नोकरी सोडली आणि 'अडोबी' ही कंपनी काढली. वॉर्नॉक यांच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचे हे नाव. १९८४ मध्ये त्यांची नवी भाषा तयार झाली. तिचे नाव पोस्टस्क्रिप्ट.

पोस्टस्क्रिप्टमागची कल्पना साधी आहे. पानावर कोणते ठिपके काळे, हे सांगायचेच नाही. काय काढायचे आहे ते भूमितीत सांगायचे. पानाचा डावीकडचा खालचा कोपरा हा आरंभबिंदू. एकक १/७२ इंच. '७२ ७२ येथे जा, १४४ ७२ पर्यंत रेघ घे, आता गिरव' असे सांगितले, की डाव्या आणि खालच्या कडेपासून एकेक इंच आत, एक इंच लांबीची आडवी रेघ निघते. इंचाला ७२ ठिपके काढणारे यंत्र असो की अडीच हजार काढणारे, वर्णन तेच. अक्षरेही अशीच: 'व' म्हणजे ठिपक्यांचा ठसा नसून काही रेघा आणि वक्र यांनी बंदिस्त केलेली आकृती. ती हवी तेवढी मोठी करा, तिरकी करा, फिरवा.

वरच्या आज्ञांमध्ये एक गंमत आहे. आधी आकडे, मग काय करायचे ते. बेरीजसुद्धा '३ अधिक ४' अशी न लिहिता '३ ४ मिळव' अशी लिहायची. आलेला आकडा ताटांच्या चळतीवर ताट ठेवावे तसा वर ठेवायचा, आणि आज्ञा आली की तिने वरची हवी तेवढी ताटे उचलायची. इंग्रजी बोलणाऱ्यांना ही उलटी रचना शिकावी लागते. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या मराठी माणसाला ती तशी घरचीच.

हे वर्णन वाचून त्याचे ठिपके करणारा दुभाष्या मात्र हवा. अडोबीने तो प्रिंटरच्या पोटात बसवला. ॲपल कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या लेझररायटर या प्रिंटरमध्ये १२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि दीड मेगाबाइट मेमरी होती. तो ज्या मॅकिंटॉश संगणकाला जोडायचा, त्याच्यात याच जातीचा पण सुमारे ८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १२८ किंवा ५१२ किलोबाइट मेमरी! नोकर मालकापेक्षा हुशार होता. या हुशारीचा दामही चोख होता. लेझररायटरची किंमत ६,९९५ डॉलर. एक वर्ष आधी ह्युलेट-पॅकार्डने आणलेला लेझरजेट ३,४९५ डॉलरला मिळत होता. गंमत म्हणजे दोन्हींच्या आतील छपाईचे यंत्र एकच होते, जपानच्या कॅनन कंपनीचे. फरक होता तो मुख्यतः मेंदूचा. १२८ किलोबाइट मेमरीच्या लेझरजेटला पूर्ण पानाचे चित्र इंचाला ३०० ठिपके या दर्जाने पेलतच नसे.

अडोबीचे एक पाऊल मात्र पुढे फार उपयोगी पडले. १९८५ मध्ये तिने पोस्टस्क्रिप्ट भाषेचे संपूर्ण व्याकरण पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. दुभाष्या विकत घ्यावा लागे, त्यासाठी प्रिंटरच्या उत्पादकांना अडोबीला पैसे मोजावे लागत. पण भाषा कोणीही शिकावी. तेव्हा ज्याच्यात हिंमत आणि चिकाटी असेल, त्याने पुस्तक वाचून आपला दुभाष्या स्वतः लिहावा.

हे करणारा माणूस होता एल. पीटर डॉईच. वडील मार्टिन डॉईच हे भौतिकशास्त्रज्ञ. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची क्षणभंगुर जोडी म्हणजे पॉझिट्रोनियम, ती १९५१ मध्ये त्यांनी शोधून काढली. मुलाने शाळकरी वयातच पीडीपी-१ या संगणकासाठी लिस्प भाषेची आज्ञावली लिहिली होती. पुढे तोही पालो अल्टोच्या त्याच झेरॉक्स केंद्रात काम करून आलेला. ऑगस्ट १९८८ मध्ये डॉईच यांनी आपला पोस्टस्क्रिप्टचा दुभाष्या जगापुढे ठेवला आणि त्याचे नाव ठेवले घोस्टस्क्रिप्ट. तो प्रिंटरच्या पोटात नव्हे, तर साध्या संगणकात राहणारा होता. शिवाय तो फुकट होता आणि त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता येत होती.

ही मोकळीक 'ग्नू' या चळवळीशी जोडलेली. तिचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन हे १९८० च्या आसपास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत होते. तेथे झेरॉक्सने दिलेल्या एका लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत त्यांनी स्वतःच अशी सुधारणा केली होती, की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना सूचना जाई. नव्या प्रिंटरची मूळ आज्ञावली त्यांना मिळालीच नाही. आज्ञावली खुली असावी या त्यांच्या आग्रहाचे मूळ ते स्वतः या अनुभवात सांगतात. एका प्रिंटरवरून सुरू झालेल्या चळवळीच्या झेंड्याखाली पहिल्या काही वर्षांतच प्रिंटरची एवढी मोठी आज्ञावली यावी, हा योगायोग मला आवडतो.

आता दुभाष्याला करावे लागणारे काम पाहू. ते वर्गात आलेख कागदावर करून बघण्यासारखे आहे. चौकोनांच्या एका कोपऱ्यावर मध्य घेऊन पाच चौकोन त्रिज्येचे वर्तुळ काढा. ज्या चौकोनांचे मध्यबिंदू वर्तुळाच्या आत पडतात तेवढे रंगवा. मोजलेत तर ते ८० भरतील. वर्तुळाचे क्षेत्रफळ ७८.५, म्हणजे हिशेब बराच जमला. आता वर्तुळाचा मध्य अर्धा चौकोन उजवीकडे आणि अर्धा वर सरकवा, म्हणजे तो एका चौकोनाच्या बरोबर मध्यावर येईल. पुन्हा मोजा. ६९ चौकोनांचे मध्यबिंदू पूर्ण आत आहेत, आणि १२ चौकोनांचे बरोबर परिघावर. (३, ४, ५ या आपल्या जुन्या मित्रांमुळे हे घडते.) काठावरचे धरले तर ८१, सोडले तर ६९! वर्तुळ तेच, त्रिज्या तीच, पण कोणता नियम लावला यावर ठिपक्यांत बाराचा फरक. पानावर एखाद्या ओळीतले 'व' एकदा जाड आणि एकदा रोड दिसू लागले, तर त्याचे कारण बहुधा असेच काही असते.

अडोबीच्या पुस्तकातला नियम तिसराच आहे: आकृतीचा स्पर्श झालेला प्रत्येक चौकोन काळा करायचा. आपल्या पहिल्या वर्तुळाला हा नियम लावला तर ८८ चौकोन भरतात. वर्तुळ फुगते, पण केसासारखी बारीक रेघ कधी नाहीशी होत नाही. इंचाला ३०० ठिपके असताना हे फुगणे खपून जाते. इंचाला ७२ असताना अक्षर सुजल्यासारखे दिसते. म्हणून अक्षरांना वेगळा नियम लावावा लागतो.

वक्रांचे गणितही शाळेच्या आवाक्यातले आहे. पोस्टस्क्रिप्टमध्ये वक्र चार बिंदूंनी सांगतात. फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत, रेनो येथे पिएर बेझिए आणि सित्रोएन येथे पॉल द कास्तेलजो यांनी मोटारीच्या पत्र्याचे आकार सांगण्यासाठी ही पद्धत बसवली. चार बिंदू क्रमाने जोडा. तीन रेघा मिळतील. त्यांचे मध्य घ्या आणि जोडा, दोन रेघा. त्यांचे मध्य जोडा, एक रेघ. तिचा मध्य हा वक्रावरचा बिंदू! तेथे वक्राचे दोन भाग होतात आणि प्रत्येक भागाचे चार नवे बिंदू आपल्या हाती आलेलेच असतात. पुन्हा तेच करत राहायचे. भाग इतका सपाट झाला, की सरळ रेघेपासूनचा फरक ठिपक्याहूनही लहान आहे, तेथे थांबायचे. नुसत्या बेरजा आणि दोनने भागणे, म्हणून साध्या संगणकालाही हे झेपते.

नऊ पिनांच्या प्रिंटरची अडचण याहून वेगळी होती. त्याचे ठिपके चौकोनी जाळीत बसत नाहीत. आडवे अंतर १/२४० इंचापर्यंत कमी करता येते, पण उभे अंतर पिनांमुळे १/७२ इंच ठरलेले. वर्तुळाचा आलेख अशा जाळीत घेतला तर ते लंबवर्तुळ व्हायला हवे. सुदैवाने पोस्टस्क्रिप्टमध्ये ही सोय मुळातच होती. दुभाष्याने आडव्या आकड्यांना २४०/७२ ने गुणायचे, उभ्यांना एकाने. बाकी सगळे तसेच. उभ्या दिशेला बारीक छपाई हवी असेल तर कागद पिनांमधल्या अंतराच्या एक तृतीयांश, म्हणजे १/२१६ इंच वर सरकवायचा आणि मधल्या जागा भरायच्या. चित्रे छापताना वरच्या आठच पिना वापरतात, कारण एका बाइटमध्ये आठच खुणा मावतात. एक फेरी, १/२१६ सरक, दुसरी फेरी, १/२१६ सरक, तिसरी फेरी, आणि मग २२/२१६ सरक. आठ पिनांनी मिळून चोवीस ओळी पूर्ण. त्यातही एकदा आपटलेली पिन परत मागे यायला वेळ लागतो, म्हणून अगदी लगतचे दोन ठिपके एकाच फेरीत काढता येत नाहीत. तेव्हा आधी सम स्तंभ, मग विषम. तीनाच्या सहा फेऱ्या झाल्या. ए-४ पानासाठी अशा सहाशेहून अधिक! आणि दुभाष्याने पान तयार केलेले असते आडव्या ओळींत, पिनांना मात्र ते हवे असते उभ्या आठ-आठच्या तुकड्यांत. त्यामुळे आठ गुणिले आठच्या प्रत्येक चौकोनातील ओळींचे स्तंभ करून द्यावे लागतात.

मेमरीचा प्रश्न तर होताच. तेव्हाच्या डॉस पद्धतीच्या संगणकात आज्ञावलींना ६४० किलोबाइट्सच मिळत, आणि लेझर दर्जाच्या पानाला हजारावर लागत. घोस्टस्क्रिप्टने काढलेला तोडगा आपल्याकडच्या लग्नघरात रोजचा आहे. मांडव लहान आणि पाहुणे जास्त असले तर काय करतात? पंगती उठवतात. पानाचे आडवे पट्टे पाडायचे. पोस्टस्क्रिप्टचे वर्णन एकदा संपूर्ण वाचून कोणती आकृती कोणत्या पट्ट्यात येते याच्या याद्या डिस्कवर लिहून ठेवायच्या. मग एकेका पट्ट्यापुरते ठिपके मेमरीत तयार करायचे, छापायचे, मेमरी पुसायची आणि पुढची पंगत बसवायची. शंभर ओळींचा एक पट्टा ३१ किलोबाइट्समध्ये मावतो. छत्तीस पंगतींत पान उठते. दोन पट्ट्यांच्या सीमेवरचे अक्षर दोन्ही याद्यांत येते आणि दोनदा अर्धे-अर्धे छापले जाते. सांधा दिसता कामा नये, ही सगळी काळजी दुभाष्याची.

करड्या छटांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली पाहिलेल्याला ते माहीत आहे. ठिपका काळा किंवा पांढराच असतो. ४ गुणिले ४ च्या चौकोनात शून्यापासून सोळापर्यंत ठिपके भरून १७ छटा मिळतात, पण त्या बदल्यात इंचाला ७२ ठिपक्यांचे १८ चौकोनच उरतात. छटा वाढवाल तर बारकावा घटतो. ही तडजोड कोणत्याही हुशारीने टळत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. जगात शेकडो जातींचे प्रिंटर, आणि प्रत्येकाची ठिपके स्वीकारण्याची बोली निराळी. एकटे डॉईच ते सगळे विकत आणून थोडेच तपासणार? त्यांनी दुभाष्याचे दोन भाग केले. भाषा समजणे, वक्र, पट्टे, छटा, हे सारे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला प्रिंटरचा छोटा जोड. या जोडाने फक्त आपल्या प्रिंटरचे ठिपके इंचाला किती ते सांगायचे, आणि तयार झालेल्या ओळी घेऊन प्रिंटरला कळतील अशा रूपात पाठवायच्या. हा जोड काही शे ओळींत लिहून होई. त्यामुळे ज्याच्या टेबलावर जो प्रिंटर, त्याने त्याचा जोड लिहिला आणि सगळ्यांना दिला. एप्सनच्या नऊ आणि चोवीस पिनांचे, १९८८ मध्ये निघालेल्या डेस्कजेटचे, कॅननच्या बबलजेटचे, असे जोड वेगवेगळ्या देशांतल्या वापरणाऱ्यांकडून जमत गेले. डॉईच यांना न दिसलेल्या प्रिंटरवर त्यांची आज्ञावली चालू लागली.

अक्षरांचे गाडे मात्र बराच काळ अडलेले होते. अडोबीने भाषा खुली केली, पण उत्तम प्रतीच्या अक्षरांची रचना गुप्त ठेवली होती. त्या अक्षरांत, कमी ठिपके असताना दांडे सारख्याच जाडीचे राहावेत यासाठीच्या सूचनाही भरलेल्या असत. या सूचना नसतील तर काय होते, ते देवनागरीत चटकन दिसते. शिरोरेषा दीड ठिपका जाड असेल, तर एका ओळीत ती एक ठिपक्याची आणि दुसऱ्या ओळीत दोन ठिपक्यांची उमटते. १९८९ मध्ये ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून निराळी अक्षररचना आणण्याचे जाहीर केल्यावर १९९० मध्ये अडोबीने आपले गुपित उघड केले. तरी अक्षरे स्वतः विकतचीच होती. जर्मनीतल्या युआरडब्ल्यू या कंपनीने १९९६ मध्ये नेहमीच्या पस्तीस अक्षरसंचांची आपली आवृत्ती खुली केली, तेव्हा कुठे घोस्टस्क्रिप्टची छपाई अडोबीच्या शेजारी मांडण्याजोगी झाली.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, तर बराच. ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामोस येथे पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकशास्त्रातील अप्रकाशित शोधनिबंध संगणकाच्या जाळ्यावरून वाटायला सुरुवात केली. पुढे चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत त्या संग्रहाची भारतातील प्रतिकृतीही होती. नियतकालिक बोटीने येण्याची वाट न पाहता निबंध त्याच दिवशी मिळू लागला. पण मिळायचा तो अनेकदा पोस्टस्क्रिप्टच्या रूपात. ज्या विभागात पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर नाही, तेथे तो म्हणजे आकड्यांची आणि आज्ञांची न संपणारी जंत्री. घोस्टस्क्रिप्टने ती पडद्यावर पान म्हणून दाखवली आणि कोपऱ्यातल्या जुन्या प्रिंटरवर छापली.

२००० च्या सुमारास मी पदव्युत्तर वर्गात असताना आमच्या विभागात एक लेझर प्रिंटर होता. तो कुलपात असे. विद्यार्थ्यांसाठी होता नऊ पिनांचा. त्यावर एका सहाध्यायाने घोस्टस्क्रिप्ट जोडले आणि मी माझ्या प्रकल्पाचे पहिले पान छापायला लावले. डोके सहा-सहा वेळा त्याच जागेवरून जात होते. फीत जुनी होती. चहा पिऊन परत आलो तरी पान अर्धेच झालेले. पण त्या अर्ध्या पानावर संकलनाचे चिन्ह होते, त्याच्या वर आणि खाली बारीक अक्षरांत मर्यादा होत्या, आणि ग्रीक अक्षरे पुस्तकातल्यासारखी होती. कडा मात्र करवतीसारख्या होत्या. कारण नंतर कळले. आमच्या पद्धतीत अक्षरे भूमितीतून न जाता इंचाला ३०० ठिपक्यांचे तयार ठसे म्हणून पोस्टस्क्रिप्टमध्ये भरली जात होती. ते ठसे २४० गुणिले २१६ च्या जाळीत बसवताना ओढाताण होई. ठसे आमच्या प्रिंटरच्या मापाचे करून घेतल्यावर पान सुधारले.

त्याच प्रिंटरवर पुढे मराठीही छापली. हॉलंडमधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स वेल्टहौस यांनी १९९१ च्या सुमारास टेक या आज्ञावलीसाठी देवनागरी अक्षरे तयार केली होती, ती वापरून. प्रिंटरच्या चिपमध्ये देवनागरीचे एक अक्षर नव्हते. त्याला ते कळायची गरजही उरली नव्हती.

घोस्टस्क्रिप्ट कोणत्या अटींवर फुकट, यावरून वाद झाले. डॉईच यांनी ताजी आवृत्ती व्यापाराला बंद आणि जुनी पूर्ण खुली अशी विभागणी केली होती. डॉईच २००२ मध्ये या कामातून निवृत्त होऊन संगीतरचनेकडे वळले, आणि २००६ मध्ये ताजी आवृत्तीही खुली झाली. पण खरी कुरबुर प्रिंटरच्या बाजूने आली. १९९० नंतर संगणक स्वस्त आणि ताकदवान झाले, तसे उत्पादकांनी प्रिंटरमधला मेंदू आणखी कमी केला. ठिपके संगणकानेच करून द्यावेत, असे प्रिंटर निघाले. घोस्टस्क्रिप्ट जे नाइलाजाने करत होते तेच आता रीत झाले. पण ठिपके कोणत्या सांकेतिक रूपात हवेत, हे काही उत्पादक सांगेनात. एका विशिष्ट कंपनीच्या संगणकप्रणालीसाठी तयार जोड द्यायचा, बाकीच्यांनी काय ते पाहून घ्यावे. मग लोकांनी प्रिंटरकडे जाणारे बाइट्स टिपून, एक ठिपका छापून, दोन छापून, संकेताचा अर्थ लावला. आपल्याकडच्या असंख्य कचेऱ्यांत दिसणारा लेझरजेट १०२० याच जातीचा. तो चालू केला की त्याची स्वतःची आज्ञावलीसुद्धा संगणकाने दर वेळी त्याच्यात भरावी लागते. इतका तो रिकामा. लिनक्सवर तो चालतो तो घोस्टस्क्रिप्टने ठिपके करून आणि अशाच उलगडलेल्या संकेतातून पुढे पाठवून.

आज मोबाइलवरून बिनतारी छपाई करताना फोन बहुतेक वेळा पानाचे ठिपके स्वतःच तयार करून प्रिंटरकडे पाठवतो. १९८५ च्या लेझररायटरपेक्षा तो फोन कितीतरी हुशार आहे. पोस्टस्क्रिप्टची जागा तिच्याच वंशातल्या पीडीएफने घेतली. गेश्की २०२१ मध्ये गेले, वॉर्नॉक २०२३ मध्ये. घोस्टस्क्रिप्ट मात्र चालू आहे. लिनक्सच्या संगणकावर त्याला कोणकोणते प्रिंटर येतात याची यादी विचारली, की नव्या यंत्रांच्या नावांमध्ये 'एप्स-नाईन-हाय' हे नाव अजून दिसते. एप्सन, नऊ पिना, उच्च दर्जा: तोच तो सहा फेऱ्यांचा जोड. मागच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतल्या माळ्यावरचा जुना प्रिंटर खाली काढून मी तो लावून पाहिला. फीत वाळून गेली होती. पण पिना बरोबर जागी आपटत होत्या, आणि कोऱ्या कागदावर दाबाच्या खुणांनी शिरोरेषा उमटली होती.